बदल वाचण्याआधी फोल्डर रचा: डिरेक्टरी ट्रॅव्हर्सलच्या रिव्ह्यूतून शिकलेलं

अकरा ओळींचा बदल माझ्याकडे रिव्ह्यूला आला होता. पाच काढलेल्या, सहा नव्या. एका ओपन सोर्स बॅकअप टूलमध्ये फोल्डरमागून फोल्डर फिरत जाणारं, म्हणजे डिरेक्टरी ट्रॅव्हर्सल करणारं, फंक्शन होतं. ते प्रत्येक नोंदीसाठी एल-स्टॅट (ही नोंद काय आहे ते ऑपरेटिंग सिस्टिमला विचारणारा सिस्टिम कॉल) करायचं. तो कॉल काढून रीड-डिर, म्हणजे फोल्डरातल्या नोंदी वाचणारा कॉल, याच्यासोबत आयता मिळणारा डी-टाइप (नोंदीचा प्रकार) वापरला होता. लाखभर फाइली असतील तर लाखभर सिस्टिम कॉल वाचतात, म्हणजे कल्पना उत्तमच. कोड स्वच्छ, टेस्ट हिरव्या. मी डिफ, म्हणजे बदललेल्या ओळींची यादी, दोनदा वाचला, एका व्हेरिएबलचं नाव बदलायला सुचवलं आणि अ‍ॅप्रूव्ह केलं.

रिलीजनंतर एका वापरकर्त्याची तक्रार आली. बॅकअप यशस्वी झाल्याचा संदेश येतो, पण आत एकही फाइल नाही! त्याची डिस्क एक्सएफएस फाइलसिस्टिमची होती, जुन्या पद्धतीनं फॉरमॅट केलेली. अशा डिस्कवर डी-टाइपमध्ये 'फाइल' किंवा 'डिरेक्टरी' येतच नाही. येतं ते डीटी-अननोन, म्हणजे 'मला ठाऊक नाही, तूच विचारून घे'. नव्या कोडमध्ये मात्र दोनच फांद्या होत्या: फाइल असेल तर घे, डिरेक्टरी असेल तर आत जा. अननोन कुठेच बसत नव्हतं, त्यामुळे एकेक नोंद गुपचूप गळत गेली. रीड-डिरच्या मॅन पेजवर हे स्वच्छ लिहिलेलं आहे की सगळ्या फाइलसिस्टिम डी-टाइप देत नाहीत आणि प्रोग्रॅमनं अननोन हाताळलंच पाहिजे. मी ते पान उघडलं नव्हतं. दुरुस्ती तीन ओळींची होती: अननोन आलं तर पुन्हा एल-स्टॅट.

त्या दिवसापासून माझी रिव्ह्यूची पद्धत बदलली. डिरेक्टरी ट्रॅव्हर्सलचा कोड दिसायला फार साधा असतो: उघडा, वाचा, आत जा, बंद करा. त्यातली चूक त्या ओळींकडे बघून सहसा सापडत नाही, कारण ती ओळींत नसते. ती समोर येणाऱ्या फोल्डरांत असते. म्हणून आता मी आधी एक वाईट फोल्डर रचतो, बदलाची ब्रँच (कोडची वेगळी प्रत) ओढून घेतो, कोड त्यावर चालवतो आणि मगच डिफ उघडतो.

त्या फोल्डरात काय काय असतं ते सांगतो, कारण नवख्यांना सगळ्यात जास्त उपयोग याचाच होईल. एक रिकामा फोल्डर. एक असा फोल्डर की ज्याची वाचायची परवानगीच काढून घेतली आहे. कुठेच न पोहोचणारी, तुटलेली सिमलिंक (दुसऱ्या पाथकडे बोट दाखवणारी नोंद). नावातच नवी ओळ असलेली एक फाइल. लिनक्सवर नावात फक्त तिरकी रेघ आणि शून्य बाइट चालत नाही, बाकी सगळं चालतं. युटीएफ-८ मध्ये न बसणाऱ्या बाइटांचं नाव असलेली एक फाइल, कारण कर्नेलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, लेखी नाव म्हणजे नुसते बाइट. आणि एक लांबलचक देवनागरी नाव. लिनक्सवरच्या नेहमीच्या फाइलसिस्टिममध्ये नावाची मर्यादा २५५ बाइट असते, आणि आपली अक्षरचिन्हं प्रत्येकी तीन बाइट घेतात, मात्रा आणि अनुस्वारसुद्धा. म्हणजे ८५ चिन्हांत नाव संपतं. 'नावाच्या शेवटी काहीतरी जोडून तात्पुरती फाइल करू' असं म्हणणारा कोड इथे हमखास पडतो.

सगळ्यात महत्त्वाची वस्तू म्हणजे लिंकचं वर्तुळ. 'अ' फोल्डरात 'ब', आणि 'ब'मध्ये 'वर' नावाची सिमलिंक, जी पुन्हा 'अ'कडे जाते. लिंकांमागे जाणारा कोड इथे अ, ब, वर, ब, वर, ब असा फिरत राहतो. लिनक्स एका पाथमध्ये जास्तीत जास्त ४० सिमलिंक सोडवतं आणि मग चूक परत करतं, त्यामुळे कोड कधीतरी थांबतो, आणि लेखकाला वाटतं सगळं ठीक आहे. प्रत्यक्षात 'ब'मधली प्रत्येक फाइल चाळीसेक वेळा मोजली गेलेली असते. 'ब'मध्ये अशी आणखी एक लिंक टाकून बघा. आता प्रत्येक फेरीला दोन वाटा फुटतात आणि कोड संपायचं नावच घेत नाही.

यावरचा उपाय म्हणून बहुतेक जण 'आधी पाहिलेले पाथ' एका सेटमध्ये ठेवतात. तो कामाचा नाही, कारण वर्तुळात पाथ दर वेळी नवाच असतो. फोल्डरची खरी ओळख म्हणजे डिव्हाइस क्रमांक (कोणती फाइलसिस्टिम) आणि आयनोड क्रमांक (त्या फाइलसिस्टिममधला फोल्डरचा क्रमांक) ही जोडी. नुसता आयनोड ठेवलेला मी बऱ्याचदा पाहिला आहे. तो एका फाइलसिस्टिमपुरताच वेगळा असतो. वाटेत दुसरी डिस्क माउंट केलेली असेल तर दोन वेगळे फोल्डर एकच ठरतात आणि एक राहून जातो. आणखी एक प्रश्न मी इथे नेहमी विचारतो: ही जोडी सगळ्या पाहिलेल्या फोल्डरांशी ताडायची की फक्त सध्याच्या वाटेवरच्या वरच्या फोल्डरांशी? पहिल्या पद्धतीत दोन वाटांनी पोहोचता येणारा फोल्डर एकदाच दिसतो, दुसरीत फक्त वर्तुळ तुटतं. दोन्ही बरोबर असू शकतात. ठरवायचं मेंटेनरनं, म्हणजे प्रोजेक्ट सांभाळणाऱ्यानं, पण ते ठरवलेलं असायला हवं.

आता जो धोका फोल्डर रचूनही दिसत नाही, त्याबद्दल. 'ही लिंक आहे का' असं आधी तपासायचं आणि 'नाही' म्हटल्यावर आत जायचं, या दोन पावलांमध्ये फट असते. तेवढ्यात कुणी फोल्डर हलवून तिथे लिंक ठेवली तर? रस्ट भाषेच्या स्टँडर्ड लायब्ररीतल्या, अख्खा फोल्डर पुसणाऱ्या फंक्शनमध्ये नेमकं हेच होतं. लिंकांमागे जायचं नाही ही काळजी घेतलेली होती, पण तपासणी आणि कृती वेगवेगळी होती. १.०.० पासून १.५८.० पर्यंतच्या सगळ्या आवृत्त्यांत ती फट होती, आणि जानेवारी २०२२ मध्ये १.५८.१ मध्ये ती बुजवली गेली. इतक्या जाणकार लोकांच्या नजरेखालून इतकी वर्षं ती सुटली, हे लक्षात ठेवा. डिफमध्ये पाथच्या स्ट्रिंगवर आधी तपासणी आणि नंतर त्याच स्ट्रिंगवर पुसणं किंवा लिहिणं दिसलं की मी थांबतो. फोल्डर एकदाच, लिंक नाकारून उघडायचा आणि पुढचं सगळं त्या उघडलेल्या हँडलवरून, ओपन-अ‍ॅट, अनलिंक-अ‍ॅट अशा कॉलनी करायचं, ही बरोबर दिशा.

सुरक्षेचं काम करणारे 'डिरेक्टरी ट्रॅव्हर्सल' म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात वेगळंच असतं: दोन टिंबांचे पाथ देऊन ठरलेल्या फोल्डरबाहेर निसटणं. तिथली एक चूक तोंडपाठ करून ठेवा. पाथ 'डेटा'नं सुरू होतो का, एवढंच तपासलं तर 'डेटा-जुना' हा शेजारचा फोल्डरही पास होतो. तुलना पाथच्या घटकांची हवी.

चुकांची हाताळणी वाचायला कंटाळवाणी, पण मी तिथे सर्वाधिक वेळ देतो. नोंद वाचली आणि स्टॅट करेपर्यंत फाइल गेली, हे रोजचंच. त्यावर अख्खा प्रोग्रॅम पडता कामा नये. पण परवानगी नाही म्हणून फोल्डर वगळला आणि कुणाला सांगितलंच नाही, तर बॅकअपमध्ये तो घात आहे. शोधायच्या टूलमध्ये एक इशारा पुरतो. तोच कोड, निर्णय वेगळा. रिकर्शन (फंक्शननं स्वतःलाच बोलावणं) असेल तर खोलीही पाहा. पायथनमध्ये मूळ मर्यादा १००० कॉलची आहे, आणि खोल फोल्डरांवर पडायचं म्हणूनच ओएस-वॉक हे फोल्डर फिरणारं फंक्शन ३.१२ मध्ये रिकर्शन सोडून लूपवर लिहिलं गेलं.

कमेंट कशी लिहायची? 'हे चुकीचं वाटतं' असं लिहू नका. मी साधारण असं लिहितो: 'लिनक्सवर, एक्सट-फोरवर चालवून पाहिलं. वर्तुळ असलेल्या फोल्डरात एक फाइल ४१ वेळा आली. फोल्डर बनवायच्या तीन कमांड खाली दिल्या आहेत. हे मर्जच्या आधी सुटावं असं मला वाटतं. नावांबद्दलच्या दोन सूचना ऐच्छिक आहेत. विंडोजवर मी चालवलेलं नाही.' शेवटचं वाक्य गाळू नका. त्यामुळेच दुसऱ्या कुणाला कळतं की विंडोजची बाजू अजून उघडी आहे. आणि लेखकाला शक्यतो तुमचा फोल्डर टेस्ट म्हणूनच द्या.

सुरुवात करायची असेल तर जिवंत पुल रिक्वेस्टवर (अजून मर्ज न झालेल्या, चर्चेतल्या बदलावर) उडी घेण्याची घाई नको. आवडत्या प्रोजेक्टमधला, फोल्डर फिरणाऱ्या कोडचा, मर्ज झालेला एखादा जुना बदल निवडा. चर्चा झाकून ठेवा. वरचा फोल्डर रचून, त्या वेळचा कोड चालवून तुमच्या कमेंट लिहा, आणि मग चर्चा उघडून ताडून बघा. मी हे आठवड्याला एक असं काही महिने केलं. पहिल्या तीन-चार बदलांत माझ्या कमेंट बहुतेक नावं आणि मोकळ्या जागांबद्दल होत्या. 'इथे लिंक आली तर?' हा प्रश्न मी आपणहून लिहिला तो सहाव्या बदलात, आणि चर्चा उघडली तर एका मेंटेनरनंही तोच विचारलेला होता.