ई-डिस्कव्हरीत येताय? आधी डेटा कुठे आहे ते शोधा

ई-डिस्कव्हरी म्हणजे कोर्टातल्या वादासाठी मेल, फाइल अशी डिजिटल माहिती शोधायची, जपायची आणि तपासायची. या कामात आले तेव्हा मला वाटायचं, रिव्ह्यूचं, म्हणजे ही कागदपत्रं तपासायचं, सॉफ्टवेअर आलं की काम आलं. सर्च कसा लिहायचा, टॅग कसे लावायचे, हे लवकरच हातात बसलं. पण पहिल्या मोठ्या प्रकरणात मी चुकले ते सॉफ्टवेअरच्या कितीतरी आधी.

वाद कोर्टात जाणार अशी चिन्हं दिसली की संबंधित माहिती जपून ठेवावी लागते. यालाच लीगल होल्ड म्हणतात. आम्ही नोटीस काढली, चौदा जणांकडून पोच घेतली. पण ९० दिवसांपेक्षा जुने मेल आपोआप पुसण्याची सेटिंग सर्व्हरवर चालूच राहिली. आयटीला ती थांबवायला सांगणं माझं काम होतं, आणि ते राहून गेलं. लक्षात आलं तोवर पाच आठवडे उलटले होते. बरेचसे मेल बॅकअपमधून परत मिळाले. जे मिळाले नाहीत त्यांचा हिशेब घेऊन वकिलांसमोर बसले तो दिवस अजून डोळ्यांसमोर आहे.

म्हणून नव्या माणसाला मी आधी अमेरिकेतल्या 'झुबुलेक विरुद्ध यूबीएस वॉरबर्ग' या, एका कर्मचारी महिलेने आपल्या बँकेवर भेदभावाबद्दल भरलेल्या खटल्यातले आदेश वाचायला सांगते. न्यायाधीश शिरा शाइंडलिन यांनी २००४ मध्ये स्पष्ट केलं की नोटीस पाठवून वकिलांची जबाबदारी संपत नाही, ती पाळली जातेय का हेही त्यांनी पाहायचं. बँकेत पुसल्या गेलेल्या मेलबाबत ज्यूरीला बँकेविरुद्ध अनुमान काढायची मुभा मिळाली आणि २००५ मध्ये ज्यूरीने सुमारे २.९ कोटी डॉलरची भरपाई दिली.

दुसरी गोष्ट, ज्यांच्याकडे डेटा असतो त्यांच्या मुलाखतीची. 'तुमचा डेटा कुठे असतो?' असं विचारलं की बहुतेक जण 'मेलमध्ये' एवढंच सांगतात. मी आता वेगळं विचारते: 'मागच्या आठवड्यात हा करार कसा पुढे गेला ते दाखवाल?' मग एकेक बाहेर येतं. फोनवरचा चॅट ग्रुप, डेस्कटॉपवरचं 'अंतिम' नावाचं फोल्डर, सहकाऱ्याला दिलेला पेन ड्राइव्ह, कुणाच्या तरी खासगी क्लाउड खात्यातली एक्सेल शीट. लोक लपवत नसतात, त्यांना तो 'डेटा' वाटतच नाही. ही मुलाखत घाईत उरकू नका. आणि जे सांगितलं ते तारखेसह त्याच दिवशी लिहून ठेवा.

गोळा करताना फोल्डर माउसने ओढून कॉपी करू नका. विंडोजमध्ये तसं केलं की नव्या प्रतीवर फाइल तयार झाल्याची तारीख आजची पडते, आणि प्रकरण कधीकधी त्या तारखेवरच उभं असतं. योग्य साधन वापरा, आधी आणि नंतर हॅश, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून निघणारा तिचा बोटाचा ठसा, काढून जुळवा. एसएचए-२५६ या पद्धतीचा हॅश ६४ अक्षरांचा असतो. फाइलच्या मजकुरात एक स्वल्पविराम बदलला तरी तो पूर्ण वेगळा येतो.

गोपनीय मजकूर झाकायला पीडीएफवर काळा चौकोन काढणंही पुरत नाही, खालचे शब्द कॉपी करता येतात. २०१९ च्या जानेवारीत डोनाल्ड ट्रम्प यांचे माजी प्रचारप्रमुख पॉल मॅनाफोर्ट यांच्या वकिलांच्या कागदपत्रात नेमकं हेच घडलं.

माझ्या चुकीनंतर काही दिवस मी सगळंच जपा म्हणत होते. तेही बरोबर नाही. गरज संपलेला डेटा चोरीला जाऊ शकतो, आणि वाद उद्भवला की तोही तपासावा लागतो. युरोपच्या जीडीपीआर या माहिती-संरक्षण कायद्याखाली वैयक्तिक माहिती फुटल्याचं कळल्यापासून शक्यतो ७२ तासांच्या आत नियामकाला कळवावं लागतं. आपल्याकडे काय काय होतं हेच माहीत नसेल तर त्या वेळेत कळवणार काय? म्हणून कुठला डेटा किती वर्षं ठेवायचा याचं वेळापत्रक हवं, ते रोज पाळलं जायला हवं, आणि होल्ड लागताच तेवढ्या भागापुरतं थांबवता यायला हवं.

सरावासाठी एन्रॉन या बुडालेल्या अमेरिकी ऊर्जा कंपनीचे ईमेल घ्या. सुमारे पाच लाख मेल आहेत, मोफत मिळतात. एक माणूस निवडा आणि तो कुणाशी काय बोलत होता ते मेलमधूनच शोधून काढा.