वॉरंट ऑफिसरची भरती निघत नाही, पोरांनो

हवाई दलातल्या वॉरंट ऑफिसर या हुद्द्यासाठी फॉर्म सुटत नाही. कधीच सुटत नाही. तिथं शिपायासारखं खालून चढत जावं लागतं: एअरक्राफ्ट्समन, लीडिंग एअरक्राफ्ट्समन, कार्पोरल, सार्जंट, मग ज्युनिअर वॉरंट ऑफिसर, वॉरंट ऑफिसर आणि शेवटी मास्टर वॉरंट ऑफिसर. लष्करात याच पायरीवर नायब सुभेदार, सुभेदार, सुभेदार मेजर असतात. सातव्या वेतन आयोगात या तिघांचं मूळ वेतन अनुक्रमे 35,400, 44,900 आणि 47,600 पासून सुरू होतं. वर 5,200 मिलिटरी सर्व्हिस पे, आणि एक्स ग्रुपच्या तांत्रिक ट्रेडला, म्हणजे तांत्रिक कामाच्या शाखांना, त्याचा वेगळा भत्ता.

एवढं मुद्दाम आधी सांगतोय, कारण अमळनेर-पारोळ्याकडची पोरं हल्ली मोबाइलवर अमेरिकेचे व्हिडिओ बघून येतात. तिकडच्या आर्मीत वॉरंट ऑफिसर म्हणून थेट हेलिकॉप्टर चालवायला घेतात, हे खरं आहे. तिकडच्या हवाई दलाने 1959 नंतर हा हुद्दा देणं बंद केलं होतं आणि 2024 मध्ये फक्त आयटी-सायबरसाठी पुन्हा सुरू केलं, हेही खरं. पण त्या व्हिडिओचा तुमच्याशी काडीचा संबंध नाही. आपल्याकडे विमान चालवायचं तर कमिशन घेऊन ऑफिसर व्हावं लागतं. विमान उडण्याच्या लायकीचं ठेवतो तो आमचा माणूस.

थेट त्या पायरीवर घेणारी वाट लष्करात आहे, पण अगदी चिंचोळी. धर्मगुरू म्हणून पदवी आणि आपल्या धर्मशिक्षणाची पात्रता असेल तर थेट जेसीओ, म्हणजे नायब सुभेदारापासूनचा ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसर, होता येतं. पंडितासाठी संस्कृतातली शास्त्री किंवा आचार्य पदवी आणि कर्मकांडाचं शिक्षण लागतं. दुसरी वाट केटरिंग जेसीओची: बारावी आणि हॉटेल मॅनेजमेंट किंवा कुकरीचा किमान वर्षभराचा डिप्लोमा. जागा मोजक्या निघतात. तुमच्याकडे ही कागदपत्रं आधीच असतील तर जरूर बघा, पण केवळ यासाठी तीन वर्षं संस्कृत शिकायला बसू नका.

बाकी बहुतेकांची वाट 2022 पासून अग्निवीरवायूची, म्हणजे हवाई दलातल्या अग्निवीराची. चार वर्षं नोकरी, आणि त्यातले जास्तीत जास्त 25 टक्के कायम. जे कायम होतात त्यांना पुढची किमान 15 वर्षं मिळतात, आणि वॉरंट ऑफिसरची पायरी त्या 15 वर्षांच्या पोटात किंवा त्याही पलीकडे आहे. आमच्या वेळी भरती झालो म्हणजे 20 वर्षांची खात्री होती. तुम्हाला ती नाही. हे कुणी गोड करून सांगत असेल तर त्याचा अकॅडमीचा बोर्ड कुठे लावलाय ते बघा. घाबरवत नाही मी. चार वर्षांत साठलेल्या सेवानिधीचे साधारण दहा लाख अधिक व्याज आणि हातात एक कसब घेऊन पंचविशीच्या आत घरी येणं ही काही वाईट गोष्ट नाही. फक्त घरच्यांना 'पोरगं पर्मनंट लागलं' असं सांगून साखरपुडा उरकू नका.

आता मूळ मुद्दा. इंग्रजी.

आमच्या गावात एक वाक्य मी लहानपणापासून ऐकलं: "इंग्रजीनं काय काम शे तठे? पाना फिरावना शे." हे वाक्य ज्याने पहिल्यांदा उच्चारलं त्याला मी शोधतोय. खान्देशातली जेवढी पोरं मैदानावर धावून बाद होत नाहीत, त्याहून जास्त या एका वाक्यावर बाद होताना मी बघितली आहेत.

नियम नीट समजून घ्या, कारण तो वरवर साधा दिसतो. विज्ञान गटासाठी बारावीला गणित, भौतिकशास्त्र आणि इंग्रजी हवं, एकूण 50 टक्के हवे, आणि इंग्रजीत वेगळे 50 टक्के हवे. आपल्या बोर्डात 35 ला पास. म्हणजे 35 ते 49 इंग्रजीवाला पोरगा पेढे वाटतो, बीएस्सीला प्रवेश घेतो आणि हवाई दलाच्या दारात मात्र नापास असतो. फिजिक्सला 82 असले तरी. आणि इथे पूर्णांकात करून मिळत नाही: 49.99 टक्के असतील तर ते 49 धरतात, 50 नाही. ऑनलाइन फॉर्म भरताना आकडा फुगवून टाकलात तर कागदपत्र तपासणीच्या टेबलावरून परत पाठवतात, आणि तोवर गेलेले महिने कुणी भरून देत नाही.

डिप्लोमावाल्यांचा सापळा याहून खोल. मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, इलेक्ट्रॉनिक्स, ऑटोमोबाइल, कॉम्प्युटर, इन्स्ट्रुमेंटेशन, आयटी यांचा तीन वर्षांचा डिप्लोमा 50 टक्क्यांनी चालतो. पण डिप्लोमात इंग्रजी विषय असेल तर त्याच इंग्रजीत 50 टक्के लागतात. दहावी-बारावीचे इंग्रजीचे गुण फक्त तेव्हाच धरतात जेव्हा डिप्लोमात तो विषयच नसतो. आपल्या तंत्रशिक्षण मंडळाच्या डिप्लोमात इंग्रजी पहिल्या सेमिस्टरला येतं. तेव्हा पोरगं नुकतं हॉस्टेलवर आलेलं असतं, गणिताच्या धास्तीत असतं, इंग्रजीचा पेपर '40 ला सुटतो' म्हणून सोडून देतं. माझ्या भाच्याचं नेमकं हेच झालं. डिप्लोमा 74 टक्के, दहावीच्या इंग्रजीला 78, आणि पहिल्या सेमिस्टरला 46. दहावीचे 78 घेऊन तो माझ्यासमोर बसला होता, "मामा, हे दाखवू ना?" नाही दाखवता येत, बाळा. विषय डिप्लोमात होता, म्हणून डिप्लोमाचेच गुण. तो आता लष्कराच्या अग्निवीर टेक्निकलची तयारी करतोय. तिथे दहावीच्या गुणांवर डिप्लोमावाल्याला दार उघडं आहे. चांगलं करेल तो. पण त्याला विमानाजवळ जायचं होतं.

बारावी झालेल्यांना बोर्डाची श्रेणीसुधार योजना आहे. तिथे पुन्हा बसण्याआधी वयाचं गणित मांडा: साडेसतरा ते एकवीस. वर्ष गेलं तर ते या चौकटीतूनच जातं.

आणि इंग्रजी भरतीपुरतं असतं असं समजू नका. भुसावळहून गोवा एक्सप्रेस थेट बेळगावला जाते. सांबऱ्याचं एअरमन ट्रेनिंग स्कूल तिथेच. मी त्या शाळेत पोचलो तेव्हा घरात अहिराणी, शाळेत मराठी आणि बाजारात खान्देशी हिंदी एवढीच माझी शिदोरी होती. ड्रिल निभावलं, शेतावरच्या पोराला ते निभतंच. खरी दमछाक पुढे ट्रेड ट्रेनिंगला झाली. तांत्रिक ट्रेडची शिकवणी चेन्नईजवळ तांबरमला किंवा बंगळुरूत जालहळ्ळीला होते आणि विमानाची सगळी पुस्तकं इंग्रजीत असतात. आपण मराठीत अट आधी सांगतो, काम नंतर. तिथल्या सूचनेत काम आधी येतं आणि अट ओळीच्या शेपटाला लटकलेली असते. अर्धी ओळ वाचून हात घातला की संपलं. केरळची पोरं शेवटपर्यंत वाचून मगच उठायची, आम्ही उठून मग वाचायचो. रात्री बराकीत दिवे गेल्यावर मी टॉर्च लावून एकेक परिच्छेद अहिराणीत स्वतःशी बोलून बघायचो. हसायचे सगळे. त्यातले दोघं नंतर माझ्याकडूनच समजून घ्यायला लागले.

आता हा हुद्दा मिळाल्यावर करायचं काय असतं ते सांगतो, म्हणजे इंग्रजीचा हट्ट का ते कळेल.

माझा ट्रेड एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाचा सांगाडा, चाकं, हायड्रॉलिक्स, कंट्रोल. कार्पोरल पाना फिरवतो, सार्जंट त्याच्यावर लक्ष ठेवतो, आणि ज्युनिअर वॉरंट ऑफिसर सहसा दोघांच्या कामाखाली नाव घालतो. विमानाचा एक रजिस्टर असतो, फॉर्म 700. त्यात प्रत्येक तपासणी, प्रत्येक बिघाड, प्रत्येक दुरुस्ती लिहिलेली असते, आणि पायलट तो बघून सही केल्याशिवाय विमान ताब्यात घेत नाही. त्याच्या सहीच्या वर आमच्या लोकांच्या सह्या असतात.

हँगरमध्ये हत्यारांचा बोर्ड असतो. प्रत्येक पान्याची, प्रत्येक पकडीची आकृती त्यावर रंगवलेली, आणि ज्याने हत्यार नेलं त्याचा नंबराचा बिल्ला त्या खिळ्यावर. काम संपलं की सगळ्या आकृत्या भरल्या पाहिजेत. एका संध्याकाळी एक आकृती रिकामी राहिली. छोटा पाना होता. ज्याच्या नावाचा बिल्ला होता तो पोरगा शपथा घेत होता की बाहेर काढलाच नाही. रात्रीच्या उड्डाणाची वेळ झालेली, माझ्या मुलाच्या वयाचा फ्लाइट लेफ्टनंट हेल्मेट काखेत धरून उभा. "वॉरंट साब, कितना टाइम?" मी म्हटलं, "मिल गया तो पाँच मिनट, सर. नहीं मिला तो आज नहीं." त्याच्या वरच्यांचाही फोन आला. सही केली नाही. पाना चाकाच्या खोबणीत सापडला, ग्रीसमध्ये चिकटलेला. चाक वर जाताना तो कुठे अडकला असता याचा विचार मी अजून करतो. वॉरंट ऑफिसरचं काम म्हणाल तर एवढंच: वरचा आणि खालचा दोघंही घाईत असताना पेन खिशात ठेवणं.

तांत्रिक नसलेल्या ट्रेडला आपल्याकडे नाक मुरडतात, ते मला पटत नाही. हवामान सहायक दर तासाला आकाश, वारा, दृश्यता नोंदवतो आणि त्यावर उड्डाणं ठरतात. लॉजिस्टिक्सचा वॉरंट ऑफिसर कोट्यवधींच्या सामानाचा हिशेब सांभाळतो. मेडिकल असिस्टंटला बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र लागतं आणि निवृत्तीनंतर त्याला काम शोधावं लागत नाही. स्टेशन वॉरंट ऑफिसर म्हणजे सगळ्या तळाच्या शिस्तीचा मालक. त्याच्या बुटाचा आवाज आला की नवखा एअरमन टोपी चाचपतो.

ट्रेड तुम्ही मागता, पण मिळतो तो गुण, वैद्यकीय वर्ग आणि दलाची गरज बघून. आणि बढतीच्या जागा ट्रेडप्रमाणे निघतात. आमच्या तालुक्यातले दोघं एकाच दिवशी भरती झाले, एकाला ज्युनिअर वॉरंटची पट्टी कितीतरी आधी लागली. दुसरा कमी हुशार नव्हता, त्याच्या ट्रेडला वर जागाच नव्हती. त्यात तुमचा दोष नसतो. तुमच्या हातात असतात बढतीच्या परीक्षा, वार्षिक अहवाल आणि तब्येत. या तिन्हींत वर राहा. परीक्षा मात्र 'पुढच्या वेळी देऊ' म्हणू नका. कार्पोरल असताना पोरं लहान असतात, सार्जंट झाल्यावर ती मोठी होतात, निवांत वर्ष कधीच येत नाही.

अकॅडमीबद्दल माझं मत तिखट आहे. धुळे-जळगावच्या रस्त्यावर पहाटे रांगेने पळणारी पोरं बघून बरं वाटतं, पण 1.6 किलोमीटर सात मिनिटांत पळायला महिन्याचे हजारो रुपये कशाला? शेताचा बांध फुकट आहे. पैसे घालायचेच तर इंग्रजीच्या शिकवणीला घाला. परीक्षेचे प्रश्न सीबीएसईच्या बारावीवर असतात, म्हणून एनसीईआरटीची पुस्तकं वाचा. चुकीला पाव गुण जातो, तेव्हा तुक्के लावू नका. भौतिक-गणिताचा पेपर इंग्रजी-हिंदीत येतो, मराठीत नाही. आणि मार्गदर्शक हवा तर कोचिंगच्या सरांपेक्षा सुट्टीवर आलेला एखादा कार्पोरल धरा. त्याला शेवभाजी-भाकरी खाऊ घाला, तो सगळं खरं सांगेल. 'वरपर्यंत ओळख आहे, पाच लाख द्या' म्हणणारा भेटला तर त्याला पैसे नाही, पोलिसांचा पत्ता द्या. परीक्षा संगणकावर होते. त्याची ओळख फक्त तुमच्या वडिलांच्या सातबाऱ्याशी आहे.

वैद्यकीयबद्दल दोनच गोष्टी, बाकी जाहिरातीत वाचा. अंगावर कायमचं गोंदण चालत नाही. फक्त हाताच्या आतल्या बाजूला कोपर ते मनगट आणि तळहाताच्या मागे चालतं. नंदुरबारकडच्या आदिवासी पोरांना जमातीच्या रूढीप्रमाणे असलेल्या गोंदणासाठी सवलत आहे, तेव्हा त्या भीतीने कुणी फॉर्म सोडू नका. पण जत्रेत हौसेनं छातीवर वाघ काढून घेतलेल्याला रूढी आठवून उपयोग नाही. आणि जाण्याआधी कानातला मळ डॉक्टरकडून काढून घ्या. पडदा दिसला नाही तर तात्पुरतं अनफिट करून परत पाठवतात, आणि मुंबईच्या गाडीचं तिकीट पुन्हा काढावं लागतं.