त्वचारोपणाच्या जागी वारंवार होणारा जंतुसंसर्ग कसा आवरावा
पातळ थराच्या त्वचारोपणात, म्हणजे शरीराच्या दुसऱ्या जागेवरून त्वचेचा वरचा पातळ थर काढून जखमेवर बसवतात तेव्हा, तेलग्रंथी आणि घर्मग्रंथी बहुतांशी सोबत येत नाहीत, त्यामुळे जखम भरल्यावरही ती जागा कोरडी राहते, तिला केसाएवढ्या बारीक भेगा पडतात आणि त्यांतूनच जंतू आत शिरतात. म्हणून ती रोज कोमट पाण्याने, सौम्य साबणाने धुवावी, न घासता टिपून घ्यावी आणि बिनवासाचे मॉइश्चरायझर लावावे. स्पर्शज्ञान कमी असल्याने दुखण्याची वाट न पाहता डोळ्यांनीच तपासावे. संसर्ग उलटलाच, तर घरात उरलेले प्रतिजैविक मुळीच घेऊ नये. पुवाचा नमुना तपासून नेमके औषध ठरवून घ्यावे, आणि नाकात दडलेल्या आणि तिथून पुन्हा त्या जागी पोहोचू शकणाऱ्या जंतूंची चाचणी हवी का, हेही डॉक्टरांना आवर्जून विचारावे. लाली पसरू लागली किंवा ताप आला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.