उघड्यावर उभी केलेली मोटारसायकल चोरीपासून कशी वाचवावी

हँडल लॉक केले, किल्ली खिशात टाकली, की गाडी सुरक्षित झाली असे बहुतेकजण धरून चालतात. पण चोराला गाडी तिथेच सुरू करायची गरज नसते. सव्वाशे किलोची मोटारसायकल दोन माणसे उचलून टेम्पोत ठेवतात, त्याहून जड असेल तर तिसरा हात लावतो. किंवा एकजण बंद गाडीवर बसतो आणि दुसरा आपल्या चालू गाडीवरून पायाने तिला ढकलत नेतो. वायरिंगची खटपट नंतर, आडोशाला, सावकाश होते.

म्हणून कामे दोन आहेत: गाडी सुरू होऊ न देणे आणि गाडी जागेवरून हलू न देणे. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच वस्तू पहिले काम करतात, पण गाडी वाचते ती मुख्यतः दुसऱ्यामुळे. न तुटणारे कुलूप नसते. प्रत्येक अडथळ्याने चोराचा वेळ जातो, आवाज होतो आणि त्याला वेगळे हत्यार लागते, एवढेच आपल्या हातात आहे आणि तेवढे पुष्कळ असते.

जागा निवडताना

उजेड, वर्दळ आणि कॅमेरा या तिन्ही गोष्टी असतील तर उत्तम. एकच मिळणार असेल तर वर्दळीची जागा घ्या. कॅमेऱ्यात चोरी नोंदवली जाते, थांबत नाही, आणि तोंड झाकलेला माणूस चित्रणात ओळखू येत नाही.

मग गाडी बांधायला काय आहे ते पाहा. खांब दिसला की लगेच साखळी टाकू नका. आधी तो हलवून बघा. खांब आखूड असेल तर साखळी वरून उचलून काढता येते. पाट्यांचे पातळ खांब बऱ्याचदा तळाशी दोन-चार बोल्टवर उभे असतात आणि पान्याने सुटतात. जाळीचे कुंपण आणि पातळ पट्ट्यांचे गेट साखळीच्या आधी तुटते. काहीच नसेल तर दोन ओळखीच्या गाड्या एकमेकींना बांधा. दोन गाड्या एकत्र उचलणे फार अवघड असते.

रोज त्याच ठिकाणी, त्याच वेळी गाडी लागत असेल तर ती हेरणे सोपे जाते. शक्य असेल तेव्हा जागा बदला. राइड नोंदवणारे ॲप वापरत असाल तर सुरुवातीचा आणि शेवटचा बिंदू इतरांपासून लपवा, कारण तो बिंदू म्हणजे तुमच्या घराचा पत्ता असतो.

साखळी: खर्च करायचा तो इथे

साखळीत पहिले पाहायचे ते कडीची जाडी. कडक केलेल्या पोलादाची 10 मिमीची साखळीसुद्धा सुमारे 36 इंची बोल्ट कटरने तुटू शकते. 13 मिमीला मोठा कटर आणि ताकद दोन्ही लागतात. 16 मिमीची चांगली साखळी हाताच्या कटरला दाद देत नाही, तिला ग्राइंडरच लागतो. पण दीड मीटर लांबीची अशी साखळी सात-आठ किलोची होते, ती रोज बरोबर वागवणे जमत नाही. म्हणून 16 मिमीची साखळी घराखाली, गाडी रात्री उभी राहते तिथे कायम ठेवा आणि प्रवासाला 10 ते 12 मिमीची आखूड साखळी किंवा यू-लॉक वापरा.

जाडी सारखी असली तरी पोलाद सारखे नसते. हार्डवेअरच्या दुकानात मीटरने मिळणारी साधी साखळी जाड दिसते, पण मऊ असते. ओळखायला सोपी युक्ती आहे. कडीवर कानस घासा. साध्या लोखंडावर ती लगेच चरा पाडते, कडक केलेल्या पोलादावर घसरते. चौकोनी किंवा षटकोनी काटछेद असलेल्या कड्या गोल कड्यांपेक्षा बऱ्या, कारण कटरच्या जबड्याला त्या नीट पकडता येत नाहीत. कडीच्या आतली फट अरुंद असावी. रुंद फटीत पहार घालून पीळ देता येतो.

कुलूप साखळीच्या तोडीचेच हवे. 16 मिमीच्या साखळीला 8 मिमीच्या दांड्याचे कुलूप लावले तर चोर साखळीकडे बघतही नाही. दांडा जाड, आखूड आणि कुलपाच्या खांद्यांत जवळजवळ झाकलेला असावा, म्हणजे कटरला जागा उरत नाही.

प्लॅस्टिकच्या नळीतली वायर केबल गाडीसाठी वापरू नका. आत बारीक तारांचा पीळ असतो आणि छोट्या केबल कटरने ती काही सेकंदांत तुटते. हेल्मेट अडकवायला ठीक आहे.

आता बांधण्याची पद्धत. महाग साखळ्या बहुतेक वेळा इथेच वाया जातात. साखळी फक्त पुढच्या चाकातून घेतली तर एक्सल काढून चाक तिथेच सोडता येते आणि बाकीची गाडी जाते. साखळी चेसिसच्या बंद भागातून न्या. तशी जागा नसेल तर मागच्या चाकाच्या रिममधून आणि स्विंगआर्ममधून (मागचे चाक धरणाऱ्या दांड्यातून) एकत्र न्या. मागचे चाक काढायला चेन, ब्रेक आणि एक्सल सगळे सोडवावे लागते. केवळ ग्रॅब रेल, फूटरेस्ट किंवा क्रॅश गार्डला बांधू नका. ते चार बोल्टांत सुटतात.

साखळी आणि कुलूप जमिनीला टेकू देऊ नका. साखळी जमिनीवर पडली असेल तर कटरचा एक दांडा जमिनीवर टेकवून दुसऱ्यावर अंगाचे सगळे वजन टाकता येते, आणि कुलूप फरशीवर ठेवून हातोडाही मारता येतो. हवेत ताणलेल्या साखळीवर दोन्ही हातांची ताकद लावावी लागते. म्हणून ढील उरली की साखळीचा आणखी एक वेढा घाला. ज्या साखळीच्या एका टोकाला मोठी कडी असते तिचे दुसरे टोक त्या कडीतून ओवून खांबाभोवती फास करा. साखळी कमी लागते आणि खांबावर घट्ट बसते. कुलपाचे तोंड खाली राहू द्या, पाणी आणि धूळ आत जात नाही.

वाटेत साखळी हँडलला लटकवू नका, चाकात अडकली तर माणूस पडतो. गळ्यात किंवा कमरेला तर अजिबात नको. मागच्या पेटीत ठेवा किंवा सीटवर पक्की बांधा.

जमिनीत कडी बसवणे

रोजची जागा ठरलेली असेल आणि जवळ भक्कम खांब नसेल तर काँक्रीटमध्ये ग्राउंड अँकर, म्हणजे साखळी ओवायची पक्की कडी, बसवा. जागा दुसऱ्याची किंवा सोसायटीची असेल तर आधी लेखी परवानगी घ्या. पेव्हर ब्लॉक, डांबर किंवा टाइल्सच्या पातळ थरात अँकर टिकत नाही, पहारीने उखडतो. निदान 150 मिमी जाडीचे सलग काँक्रीट हवे आणि कडेपासून तेवढेच अंतर ठेवावे, नाहीतर कडा फुटते. खाली तळघर असेल तर थांबा. स्लॅबचे वॉटरप्रूफिंग फुटते. जमिनीखालून वीज किंवा पाण्याची लाइन जाते का तेही विचारून घ्या.

1. अँकर जागेवर ठेवून वर गाडी उभी करून पाहा. साखळी चेसिसपर्यंत पोहोचते आणि जमिनीला टेकत नाही ना, हे भोके पाडण्याआधीच कळायला हवे.
2. अँकरसोबत सांगितलेल्या मापाचाच बिट घ्या. बिटवर खोलीची खूण म्हणून टेप गुंडाळा आणि रोटरी हॅमरने सरळ भोक पाडा.
3. भोकातली भुकटी फुंकून काढा, ब्रशने घासा, परत फुंका. हे दोन-तीनदा करा. भुकटी राहिली तर केमिकल (बोल्ट काँक्रीटला चिकटवणारे रसायन) भिंतीला न चिकटता भुकटीला चिकटते आणि बोल्ट हाताने निघतो. अँकर सैल पडण्याचे नेहमीचे कारण हेच.
4. केमिकल अँकरच्या नळीतून सुरुवातीचा माल टाकून द्या. रंग एकसारखा आला की भोकाच्या तळापासून वर येत दोन-तृतीयांश भरा. बोल्ट फिरवत आत घाला.
5. नळीवर लिहिलेला वेळ पाळा. थंडीत तो वाढतो. चोवीस तास त्यावर ताण देऊ नका.
6. बोल्टचे डोके ॲलन कीचे असेल तर खाचेत मापाची पोलादी गोळी हातोडीने ठोकून बसवा. मग चावी लागत नाही.

डिस्क लॉक आणि हँडल लॉक

हँडल लॉकचा खिळा बारीक असतो. हँडलला जोराचा हिसका किंवा लाथ मारून तो तुटतो. तरीही रोज लावा, कारण फुकटचा अडथळा आहे. काही गाड्यांत किल्ली लॉकच्या पुढे आणखी एक खाच फिरते आणि पार्किंग लाइट चालू राहतो. सकाळी बॅटरी उतरलेली मिळते. म्हणून किल्ली काढल्यावर मागचा दिवा एकदा बघा.

ब्रेकच्या डिस्कच्या भोकात बसणारा डिस्क लॉक ढकलत नेणाऱ्याला अडवतो, उचलणाऱ्याला नाही. त्यामुळे तो साखळीच्या जोडीला किंवा पाच मिनिटांच्या थांब्याला वापरावा. पिन जितकी जाड तितकी चांगली, पण डिस्कच्या भोकातून ती सहज जाते ना ते आधी तपासा. लॉक कॅलिपरला (डिस्क दाबून धरणाऱ्या ब्रेकच्या भागाला) अगदी लागून लावा. मग विसरून गाडी पुढे घेतली तरी चाक फिरण्याआधीच अडते. लॉक कॅलिपरपासून लांब असेल तर चाक वेग घेते, लॉक कॅलिपरवर आदळतो, डिस्क वाकते आणि चालवणारा पडतो. लॉकपासून हँडलपर्यंत भडक रंगाची आठवण-दोरी न चुकता लावा. ड्रम ब्रेकची गाडी असेल तर चाकाच्या दोन आऱ्यांमधून आणि फोर्कमधून यू-लॉक घाला.

गाडी सुरू होऊ न देणे

किल्लीतली चिप ओळखल्याशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारा इमोबिलायझर कंपनीकडून आला असेल तर इंजिनाची काळजी बरीच कमी होते. नसेल तर सर्वांत साधा उपाय म्हणजे लांब मुक्कामाला फ्युएल पंपचा किंवा इग्निशनचा फ्यूज काढून खिशात ठेवणे.

कायमचा हवा असेल तर छुपा स्विच. तो फक्त स्टार्टरच्या वायरमध्ये घालून भागत नाही, गिअरची गाडी ढकलून सुरू होते. इंधन किंवा ठिणगी तुटली पाहिजे. फ्युएल पंपच्या मुख्य वायरमधून बरेच ॲम्पिअर जातात, तिथे हलका स्विच तापतो. त्याऐवजी रिलेच्या (लहान प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणाऱ्या स्विचच्या) कॉइलकडची बारीक वायर तोडून स्विच घाला. जोड सोल्डर करा आणि वर हीट श्रिंक नळी चढवा. नुसती पिळून टेप मारलेली वायर खड्ड्यात सुटते आणि धावती गाडी बंद पडते. वायरिंग वाचता येत नसेल तर हे काम ऑटो इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. वॉरंटी चालू असेल तर आधी चौकशी करा.

विनाकिल्ली गाडीचा रिमोट रात्री दाराजवळ ठेवू नका. त्याचा सिग्नल पुढे ढकलून गाडी उघडता येते. रिमोट बंद करायची सोय असेल तर ती वापरा, नाहीतर सिग्नल अडवणाऱ्या पाकिटात ठेवा.

अलार्म, ट्रॅकर, कव्हर

अलार्म उपयोगी आहे, पण तो ऐकणारे कोणी जवळ असेल तरच. संवेदनशीलता फार ठेवली तर वाऱ्यानेही वाजतो आणि चार दिवसांत शेजारी लक्ष देणे सोडतात. बॅटरीचाही हिशेब करा. 5 मिलीॲम्पिअर घेणारा अलार्म दिवसाला 0.12 ॲम्पिअर-तास खातो. 5 ॲम्पिअर-तासांची बॅटरी वीस दिवसांत जवळपास अर्धी होते.

जीपीएस ट्रॅकर स्वतःची आतली बॅटरी असलेला घ्या, नाहीतर मुख्य बॅटरीची वायर काढली की तो मुका होतो. लोखंडी टाकीखाली सिग्नल अडतो, म्हणून प्लॅस्टिकच्या पॅनलखाली वरच्या दिशेला बसवा. सिमचा रिचार्ज संपू देऊ नका. ब्लूटूथ टॅग स्वस्त आणि लहान असतो, पण तो जवळपासच्या इतरांच्या फोनवर विसंबतो आणि अनोळखी टॅग सोबत फिरत असल्याची सूचना चोराच्या फोनवरही जाऊ शकते.

साधे, कंपनीचे नाव नसलेले कव्हर घाला. आत कोणती गाडी आहे ते दिसत नाही. सायलेन्सर थंड झाल्यावरच घाला, गरम नळीवर ते वितळून चिकटते.

कागदपत्रे आजच तयार ठेवा

चेसिस नंबर, इंजिन नंबर आणि दोन्ही बाजूंनी गाडीचे फोटो काढून ठेवा. ओरखडे आणि बदललेले भाग यांचे वेगळे फोटो घ्या, ओळख पटवायला तेच कामी येतात. किल्लीसोबत आलेला कोडचा बिल्ला किल्लीच्या जुडग्यात ठेवू नका. दोन्ही मूळ किल्ल्या सांभाळा, विम्याच्या दाव्यात त्या मागितल्या जातात.

गाडी जागेवर नसेल तर आधी ती वाहतूक विभागाने उचलली नाही ना ते विचारा. मग लगेच पोलिसांत तक्रार द्या आणि विमा कंपनीला कळवा. ट्रॅकर ठिकाण दाखवत असेल तरी एकटे जाऊ नका, ते ठिकाण पोलिसांना द्या. चोर बऱ्याचदा गाडी एक-दोन दिवस कुठेतरी नुसती उभी ठेवतात, ट्रॅकर लावलेला आहे का हे पाहायला. म्हणून तक्रारीला उशीर करू नका.

गाडी परत मिळाली तर सरळ चालवत आणू नका. लॉक तोडताना हँडलचा स्टॉपर वाकलेला असू शकतो, ब्रेकचा पाइप किंवा वायर कापलेली असू शकते. टेम्पोत घालून गॅरेजला न्या, स्टिअरिंग आणि फोर्क तपासून घ्या आणि सगळे लॉक एकदम बदला.