ट्रेडमार्कचा अर्ज भरण्याआधी

लोगो छापायला टाकण्याआधी नाव तपासा. ट्रेडमार्क कार्यालयाच्या डेटाबेसमध्ये हुबेहूब नाव सापडलं नाही, एवढ्यावर निर्धास्त राहू नका. 'क' साठी सी, के, क्यू अशी स्पेलिंग बदलून पुन्हा शोधा. कानाला सारखं वाटणारं नावही आड येतं.

मालाचं नुसतं वर्णन करणारं नाव सहसा अडकतं. 'ॲपल' संगणकाला चालतं, सफरचंद विकणाऱ्याला नाही.

खरी गोची वर्ग निवडताना होते. ट्रेडमार्कसाठी माल आणि सेवांची जी आंतरराष्ट्रीय विभागणी वापरतात, त्या नीस वर्गीकरणात 45 वर्ग आहेत: 1 ते 34 मालाचे, 35 ते 45 सेवांचे. तयार कपडे 25 मध्ये, पण इतरांचे कपडे विकणारं दुकान 35 मध्ये. बहुतेक ठिकाणी फी वर्गागणिक लागते. आणि एकदा अर्ज गेला की मालाची यादी कमी करता येते, वाढवता येत नाही. वाढवायची तर नवा अर्ज.

पैसे एकाच अर्जापुरते असतील तर साध्या अक्षरांतला शब्द नोंदवा; लोगो काय, पुढेमागे बदलतोच.

परदेशातही संरक्षण हवं असेल, तर पॅरिस करारानुसार (ट्रेडमार्क-पेटंटसारख्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार, हवामानाचा नव्हे) पहिल्या अर्जाची तारीख 6 महिने कामी येते: तेवढ्यात परदेशात केलेल्या अर्जालाही तीच तारीख धरतात. वर्तुळातला 'आर' मात्र नोंदणी झाल्यावरच लावा, तोवर 'टीएम'.