‘मी येतो’ म्हणण्याआधी: स्वयंसेवक होताना या चुका टाळा

दर वर्षी ५ डिसेंबर जवळ आला की माझा फोन वाजायला लागतो. संयुक्त राष्ट्रांनी १९८५ मध्ये हा दिवस आंतरराष्ट्रीय स्वयंसेवक दिन म्हणून जाहीर केला. त्या निमित्ताने कुठेतरी काही वाचून, ऐकून माणसं भारावतात आणि ‘मलाही काहीतरी करायचंय’ म्हणतात. फेब्रुवारी उजाडेपर्यंत त्यातले बरेच जण माझा फोन उचलेनासे होतात. मुलांच्या संध्याकाळच्या अभ्यासवर्गासाठी स्वयंसेवक जमवायचं काम मी अकरा वर्षं करतेय. त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा पाहून आता राहवत नाही.

भारावलेल्या मनाने वेळ कबूल करणं

सगळ्यात जास्त नुकसान याच चुकीने होतं. एक तरुण आला. हुशार, बोलका, मुलांत लगेच रमणारा. पहिल्याच भेटीत म्हणाला, ‘आठवड्यातून तीन दिवस, सहा ते आठ.’ आमच्याकडे माणसं कमी होती, म्हणून मीही लगेच हो म्हटलं. पाच आठवडे तो नेमाने आला. चौथीतल्या एका मुलीला अपूर्णांक मुळीच जमत नव्हते, ते त्याच्या शिकवण्याने जमायला लागले. तो पेन्सिल आणायला विसरतो हे तिच्या लक्षात आलं होतं. म्हणून ती रोज दोन पेन्सिली टोक करून ठेवायची, एक स्वतःची आणि एक दादाची.

सहाव्या आठवड्यात त्याचा मेसेज आला, ‘थोडा बिझी आहे, कळवतो.’ त्यानंतर काहीच नाही. ती पुढचा महिनाभर वहीत समास आखायची, तारीख घालायची आणि दुसरी पेन्सिल शेजारी ठेवायची. नवीन ताई आल्या तेव्हा तिने वही दप्तरातून बाहेरच काढली नाही. तो मुलगा वाईट नव्हता. त्याने फक्त स्वतःचा आठवडा न बघता शब्द दिला होता. आपल्याकडे ‘आरंभशूर’ हा शब्द सहज हसत वापरतात. मला तो ऐकला की ती पेन्सिल आठवते.

माणसं येऊन-जाऊन राहिली की मुलांना त्रास होतो, हा काही माझा एकटीचा अनुभव नाही. डिसेंबर २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने बालहक्कांवर ठराव केला. अनाथालयांतल्या स्वयंसेवेच्या कार्यक्रमांमुळे मुलांना होणारा अपाय रोखावा, असं त्यात देशांना सांगितलं आहे.

आता माझा नेम ठरलेला आहे. येणाऱ्याला मी सांगते, मागचे चार आठवडे आठवून लिहून काढा. खरोखर रिकामे किती तास होते? त्याच्या निम्मे मला सांगा. मग दोनदा नुसतं बघायला या, मागे बसा, आणि पंधरा दिवसांनी उत्तर द्या. ‘आजच सुरू केलं तर?’ असं विचारणाऱ्यांना मी थांबवते. काहींना ते आवडत नाही, पण पंधरा दिवस धीर नसेल तर सहा महिने कुठून येणार? आमच्या एक बाई फक्त शनिवारी दीड तास येतात. त्या यायच्या नसल्या तर मला गुरुवारीच कळतं. तीन वर्षं झाली, मुलं शनिवारची वाट बघतात.

भिडेपोटी संस्थेला काहीच न विचारणं

चांगलं काम करणाऱ्यांना प्रश्न कसे विचारायचे, असं वाटून लोक गप्प बसतात. विचारा. माझ्या कामाची जबाबदारी कोणाकडे? आधीचे स्वयंसेवक का गेले? येता आलं नाही तर कोणाला कळवायचं? हिशेब तपासलेले आहेत का, बघायला मिळतील का? खऱ्या संस्थेला याचा राग येत नाही. तसंच तुमच्याकडे ओळखपत्र मागितलं, तुम्हाला ओळखणाऱ्या दोघांची नावं मागितली, तर तुम्हीही रागावू नका. जी संस्था पहिल्याच दिवशी काहीही न विचारता तुम्हाला मुलांसोबत एकटं सोडते, तिथे दुसऱ्यांदा जाऊ नका.

काही चुका थोडक्यात. प्रमाणपत्रासाठी येत असाल तर तसं आधीच सांगा, त्या मापाचं काम असतं. मैत्रीण जातेय म्हणून जाऊ नका. ती थांबली की तुम्हीही थांबता. घरी न सांगता संध्याकाळ देऊ नका. मुलांचे फोटो काढून सोशल मीडियावर टाकू नका, कधीच. वेळ नसेल तर दरमहा थोडे पैसे द्या, त्यात कमीपणा काही नाही. हिशेब उत्तम येत असेल तर हिशेबच करा. शिकवायला माणसं मिळतात, वह्या नीट ठेवणारी मिळत नाहीत.

घरात नुकताच मृत्यू झाला असेल आणि तशाच आजाऱ्यांची सेवा करावीशी वाटत असेल, तर थोडं थांबा. हॉस्पिसचं, म्हणजे बरे न होणाऱ्या आजाऱ्यांची अखेरच्या दिवसांत सेवा करण्याचं, काम करणाऱ्या बऱ्याच संस्था अशा माणसाला साधारण वर्षभर थांबायला सांगतात. तो नकार मनाला लावून घेऊ नका.

आणि सोडायचं असेल तर महिनाभर आधी सांगा. मुलांना स्वतः सांगा, शेवटचा दिवस कोणता तेही सांगा. मागच्या वर्षी एकाची बदली झाली. जाताना त्याने माझ्या हातात एक कागद दिला: कोणतं मूल कोणत्या धड्यावर आहे, कोणाला मोठ्याने वाचायची लाज वाटते, कोणाला फळ्याजवळ बसवायचं. नवीन शिक्षिका तो कागद घेऊनच वर्गात गेल्या.