खान्देशात राहून ट्रेकिंग, दोर आणि पोहणं नीट कसं शिकायचं

पावसाळा लागला की व्हॉट्सअॅपवर पोस्टर फिरायला लागतात, रविवार, रॅपलिंग म्हणजे दोराने कड्यावरून खाली उतरणं, नाश्ता, जेवण, सर्टिफिकेट, सगळं एका दिवसात. मी पण पहिल्यांदा अशीच गेले होते आणि मजा खूप आली, खोटं कशाला बोलू. पण घरी आल्यावर लेकाने विचारलं की आई ती गाठ कशी बांधतात गं, तर मला काहीच सांगता येईना. कोणीतरी मला दोरावरून खाली सोडलं होतं एवढंच. इव्हेंट वेगळा आणि क्लास वेगळा. स्वतःची गाठ स्वतःला बांधता आली आणि शेजारच्याची तपासता आली की शिकायला सुरुवात झाली असं समजायचं, त्याच्या आधी नाही.

त्याच इव्हेंटला अजून एक गोष्ट झाली. माझ्या पुढे एक काकू होत्या, त्यांच्या हार्नेसचा, म्हणजे दोर अडकवायला कमरेला आणि मांड्यांना बांधतात त्या पट्ट्यांचा, कमरेचा पट्टा बकलमधून परत मागे घेतलेलाच नव्हता, नुसता ओढून ठेवलेला. रांगेतल्या एका कॉलेजच्या मुलाच्या लक्षात आलं म्हणून बरं. आयोजक म्हणाला, काही होत नाही ताई. काकू कड्याच्या काठापासून पाच पावलांवर उभ्या होत्या. तेव्हापासून "काही होत नाही" म्हणणाऱ्याचा दोर मी धरत नाही, तुम्ही पण धरू नका.

आता क्लास शोधायचा कुठे. पुण्या-मुंबईसारखे आपल्याकडे बोर्ड लावलेले नसतात, विचारत फिरावं लागतं. जळगावात पहाटे मेहरूण तलावावर जा, धुळ्यात नकाणे तलावाकडे जा, तिथे रोज चालणारे, पळणारे, सायकलवाले भेटतात आणि त्यांच्यातल्या कोणाला तरी माहीत असतं की रविवारी कोण कुठे शिकवतं. कॉलेजचे एनसीसी, एनएसएसचे सर, शाळेतले स्काऊटचे मास्तर, स्विमिंग पूलवरचे कोच, ह्यांना विचारा. सहा-आठ जणांचा ग्रुप, महिन्यातून दोन रविवार, शाळेच्या ग्राउंडवर एखादी शिडी आणि दोर, एवढ्यावर पण चांगला क्लास चालतो. चकचकीत सामान नसलं तरी चालेल, शिकवणारा माणूस पक्का पाहिजे.

तो पक्का आहे का हे कसं ओळखायचं? सरळ विचारायचं, लाजायचं नाही. दादा, तुम्ही स्वतः कुठे शिकलात? उत्तरकाशीची नेहरू इन्स्टिट्यूट 1965 ची आहे, दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूट 1954 ची, तिथे साधारण महिनाभराचा बेसिक कोर्स असतो, ज्याने केलाय तो अभिमानाने सांगतो. कोणा जुन्या गिर्यारोहकाच्या हाताखाली वर्षानुवर्षं शिकला असेल तरी उत्तम, पण त्याला ते सांगता आलं पाहिजे. एका शिकवणाऱ्यामागे किती मुलं? प्रत्येकाला हेल्मेट आहे का? फर्स्ट एड कोणाला येतं, आणि जिथे नेणार तिथून जवळचा दवाखाना कोणता? राज्य सरकारने 2021 साली साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात असे उपक्रम चालवणाऱ्यांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायला सांगितलंय, तर नोंदणी आहे का ते पण विचारा. आणि माझा आवडता प्रश्न, दादा, तुम्ही शेवटचा ट्रेक कधी कॅन्सल केला होता? चांगला माणूस लगेच दोन किस्से सांगेल, पाऊस वाढला म्हणून अर्ध्यातून परत आणलं, एकाला ताप होता म्हणून घरी पाठवलं वगैरे. ज्याने कधीच काही कॅन्सल केलेलं नाही त्याच्याकडे मी तरी लेकराला पाठवणार नाही.

सगळ्यात आधी पोहणं शिका. डोंगराचं नंतर बघू. आपल्याकडे दर पावसाळ्यात धबधब्यावर, धरणावर, नदीच्या डोहात पोरं जातात आणि बातमी वाचून आपण हळहळतो. आमच्या पिढीतले बरेच जण पाठीला पत्र्याचा डबा नाहीतर सुकलेला भोपळा बांधून विहिरीत शिकले, काठावर आबा दोर धरून उभे असायचे, आणि खरं सांगायचं तर त्यात पण एक शिस्त होती. आता पोहणाऱ्या विहिरी कमी झाल्या, म्हणून पूलवर जा. पहिला आठवडा हात मारायच्या मागे लागू नका. तोंड पाण्यात घालून हळूहळू श्वास सोडायचा, वर येऊन घ्यायचा, एवढंच करा. मग उताणं तरंगणं, कान पाण्यात, पोट वर, मान सैल. मला ह्यालाच बारा दिवस लागले कारण मी मान ताठ ठेवायचे आणि मान ताठ की पाय बुडणारच. शेवटी कोचनी नुसते दोन बोटं डोक्याखाली ठेवले आणि म्हणाले, ताई, उशी आहे समजा. त्या दिवशी तरंगले.

पूलमध्ये येतं म्हणून तापीत येतं असं समजू नका. वाहत्या पाण्यात पडलात तर उताणं व्हायचं, पाणी वाहतं त्या दिशेला पाय, आणि उभं राहायचा प्रयत्न करायचा नाही कारण दगडाच्या कपारीत पाय अडकला की पाणी आपल्याला आडवं दाबतं. तिरकं तिरकं काठाकडे सरकायचं. कोणी बुडत असेल तर उडी मारू नका, बुडणारा माणूस गळ्याला मिठी मारतो आणि दोघं जातात. दोर फेका, रिकामा बंद डबा फेका, साडी फेका, लांब काठी द्या. आणि पावसाळ्यात हतनूरच्या खाली नदीपात्रात पाय पण घालू नका, धरणाला 41 दरवाजे आहेत, सातपुड्यात पाऊस झाला की ते उघडतात, आपल्या डोक्यावर मात्र ऊन असतं. मनुदेवीच्या धबधब्याला पण तेच, पाणी अचानक गढूळ झालं, काड्या-पाला वाहत यायला लागला की लगेच वर निघायचं, चपला राहिल्या तर राहू द्या.

आता दोर. क्लासमध्ये पहिली गाठ शिकवतील ती फिगर ऑफ एट. दोराच्या टोकापासून साधारण अख्ख्या हाताएवढी, खांद्यापासून बोटांपर्यंत, जागा सोडायची, तिथे एक वेटोळं करायचं, टोक मुख्य दोराच्या मागून फिरवून वेटोळ्यात वरून घालायचं, की मराठीतल्या चारसारखं दिसायच्या ऐवजी इंग्रजी आठ दिसतो. मग ते टोक हार्नेसच्या पुढच्या दोन्ही जागांतून, पायाच्या आणि कमरेच्या, वर घ्यायचं आणि आल्या वाटेने त्या आठच्या बाजूबाजूने परत न्यायचं, दोर एकमेकांवर चढू द्यायचा नाही. झाल्यावर मोजायचं, दोरांच्या पाच जोड्या दिसल्या पाहिजेत आणि शेपटी निदान वीतभर उरली पाहिजे. आमच्या क्लासमध्ये एक शेतकरी अण्णा आहेत, आयुष्यभर कासरा आणि दावं बांधलेले हात, त्यांना ही गाठ दोनदा बघितल्यावर आली आणि आम्ही बाकीचे महिनाभर चाचपडत होतो.

गाठ झाली की पार्टनर तपासणार, तोंडाने म्हणून. बकल, गाठ, कॅराबिनरचं म्हणजे दोर अडकवायच्या धातूच्या कडीचं लॉक, हेल्मेटचा पट्टा. रोज तेच तेच करून कंटाळा येतो आणि त्याच दिवशी चूक होते. बायकांसाठी खास, वेणी टी-शर्टच्या आत आणि ओढणी बॅगेत, उतरताना डिसेंडरमध्ये, म्हणजे ज्यातून दोर सरकतो त्या धातूच्या साधनात, केस किंवा कापड ओढलं गेलं तर माणूस मधेच लटकतो आणि फार दुखतं. मंगळसूत्र, अंगठ्या घरी ठेवा.

सह्याद्रीचा आणि अजिंठा डोंगररांगेचा दगड म्हणजे बेसाल्ट, लाव्हाच्या थरांवर थर. एक थर लोखंडासारखा आणि त्याच्या खालचा हाताने भुगा होणारा, म्हणून पकड घेण्याआधी तळहाताने थाप मारून बघायचं, पोकळ आवाज आला तर सोडायची. वरून काही सुटलं तर जोरात "दगड!" ओरडायचं, आणि खालच्यांनी वर बघायचं नाही, भिंतीला चिकटायचं. कड्यावर आग्यामोहोळ असतं ते लक्षात ठेवा, म्हणून सेंट-डिओ मारून यायचं नाही, धूर करायचा नाही, आरडाओरडा नाही. मोहोळ दिसलं की तो रूट त्या दिवशी बंद.

ट्रेकची सुरुवात लळिंगने करा, धुळ्यापासून दहाएक किलोमीटर, हायवेला लागूनच, फारुकी राजांच्या काळातला किल्ला, हिवाळ्यात पहाटे निघालं तर जेवायला घरी. तिथे जमलं की चाळीसगावजवळ पाटणादेवी, जंगलातली वाट, केदारकुंड, पितळखोरा लेणी, पण ते गौताळा-औट्रमघाट अभयारण्य आहे तर वनखात्याच्या गेटवर विचारूनच आत जायचं. नंदुरबार जिल्ह्यातलं तोरणमाळ तिसऱ्या टप्प्याला, तिथे मुक्काम करून शिका, रात्रीची थंडी, तंबू, होकायंत्र. आणि तिथल्या आदिवासी वाटाड्याला सोबत घ्या, पैसे देऊन घ्या, त्याला त्या डोंगराचं जे कळतं ते कुठल्या कोर्समध्ये शिकवत नाहीत.

उन्हाचं मात्र ऐका. आपल्याकडे 45 अंश काही नवीन नाही, मार्चच्या मध्यापासून जूनपर्यंत सकाळी नऊच्या आत डोंगरावरून खाली. माणशी तीन लिटर पाणी. एक लिटर पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, सपाट चमचे, हे घरचं ओआरएस. कोणी असंबद्ध बोलायला लागला, अंग तापलेलं, चालताना झोकांड्या, तर तो उष्माघात, सावलीत नेऊन अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि 108 ला फोन लावा. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

खायला कळण्याची भाकरी, ठेचा, कांदा, शेंगदाण्याचे लाडू. केळी न्यायची तर डब्यात न्या, बॅगेत तळाला ठेवलेल्या केळ्यांचं काय होतं ते जळगावकरांना सांगायला नको.

सामानावर पैसे घालू नका. हार्नेस, दोर क्लासचा असतो, आणि दुसऱ्याचा वापरलेला दोर स्वस्तात मिळतोय म्हणून तर अजिबात घेऊ नका, तो किती वेळा ओढलाय, कशावर घासलाय हे बाहेरून दिसत नाही. फक्त चांगल्या पकडीचे बूट, टोपी, टॉर्च घ्या. वर्षभर नियमित गेलात आणि अजून पुढे जायची इच्छा असली तर उत्तरकाशी, दार्जिलिंगच्या कोर्सचं बघा, तिथे नंबर लागायला वेळ लागतो म्हणून फॉर्म लवकर भरा आणि रोज पळायला आत्तापासून लागा.

क्लास सापडेपर्यंत एक काम करा. हार्डवेअरच्या दुकानातून बोटाएवढ्या जाडीचा दोन मीटर दोर आणा, तो चढायला वापरायचा नाही, फक्त सरावाला. टोकाला चिकटपट्टी गुंडाळा म्हणजे सुटणार नाही. खुर्चीच्या पायाला रोज रात्री दहा वेळा फिगर ऑफ एट बांधायची आणि प्रत्येक वेळी पाच जोड्या मोजायच्या. पंधरा दिवसांनी लाईट बंद करून बांधून बघा.